आधी पाणी ठरवा, मग बॉटल केज

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यातून सायकल काढली की दोन अगदी वेगळे प्रदेश हाताशी असतात. उत्तरेला धामणगाव गढीवरून सलोना, मोथा करत चिखलदऱ्याला चढणारा रस्ता आहे, आणि घटांगवरून सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे जाणारा मेळघाटातला रस्ता आहे. दक्षिणेला संत्र्याच्या बागा मागे पडल्या की कपाशी-तुरीचं सपाट रान लागतं, मग अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अकोट. मार्च उलटला की या दोन्ही बाजूंना फेरी नीट पार पडणं एकाच गोष्टीवर अवलंबून असतं. सायकलवर पाणी किती आहे आणि चालत्या सायकलवर ते हाताला येतं का?

सायकलच्या दुकानात बॉटल केज म्हणा की बॉटल स्टँड म्हणा, काउंटरवर तेच दोन-तीन प्रकार येतात. काळं प्लास्टिक, रंगीत ॲल्युमिनियम, क्वचित स्टीलची तार. ऑनलाइन मागवायचं तर कार्बनचेही आहेत. किमती शे-दीडशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. वस्तू लहान आणि स्वस्त, म्हणून निवड बहुतेक वेळा रंगावर होते. माझं मत असं की ही निवड दुसऱ्या टोकाने सुरू करावी. आपल्या वाटेवर तासाला किती पाणी लागतं, मधे कुठे भरून मिळतं, कोणत्या बाटलीत ते पिण्याजोगं राहतं, हे आधी पाहावं आणि ती बाटली धरणारा केज सगळ्यात शेवटी घ्यावा. वऱ्हाडात हा क्रम पाळला तर दुकानातले निम्मे पर्याय आपसूक गळतात.

मे महिन्यात अमरावती जिल्ह्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो, अकोल्यात ४५च्याही पुढे जातो. अशा दिवसांत चढावर सायकल मारणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो, काहींचा त्याहून जास्त. पहाटे निघालं तरी परतीचा प्रवास उन्हातच होतो. परतवाडा ते चिखलदरा अंतर तीसेक किलोमीटर, पण चढ सातशे मीटरहून जास्त, कारण चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर आहे. गिअरची सायकल असली तरी रोजची सवय नसलेल्या माणसाला वर पोचायला तीन तास धरावे लागतात. म्हणजे जवळपास तीन लिटर पाणी. सायकलच्या नेहमीच्या बाटलीत ५०० ते ७५० मिलिलिटर मावतं. एकच केज असलेला माणूस पहिल्या तासात कोरडा पडतो. दोन केज आणि दोन मोठ्या बाटल्या असल्या तर दीड लिटर होतं, आणि धामणगाव गढीला दोन्ही पुन्हा भरून घेतल्या की हिशेब कसाबसा जुळतो.

घटांगच्या रस्त्यावर वस्ती विरळ होत जाते. मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या व्याघ्रप्रकल्पांमध्ये आला. त्या जंगलात रस्ता सोडून नाल्यावर उतरायचं आणि बाटली भरायची, हा विचार मनातही आणू नये. उन्हाळ्यात उरलेल्या डोहावर जनावरांचा हक्क आहे, आणि ते पाणी माणसाच्या पोटाला मानवणारंही नसतं. या वाटेवर दोन केजखेरीज बाटलीसाठी तिसरी जागाही हवीच.

दक्षिणेकडची गोष्ट निराळी. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा सुरू झाला की हातपंप दिसतो, हापसला तर पाणीही येतं, पण ते खारं असतं. तिथल्या कित्येक गावांना पिण्याचं पाणी लांबच्या धरणांवरून नळाने मिळतं आणि तेही रोज येईलच असं नाही. ज्यांच्या घरी पाणी मोजून साठवलेलं असतं, त्यांच्याकडे बाटली पुढे करताना आपणच विचार करावा. शिवाय सपाट रस्त्यावर तहान कमी लागते हा समज इथे फसवतो. कोरडा वारा घाम लगेच वाळवून टाकतो, अंगातून किती गेलं ते कळतच नाही. दर्यापूर-अकोटकडे जाताना अंतर कितीही कमी वाटलं तरी दोन केजशिवाय निघू नये, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा मोठा आधार म्हणजे पाणपोई. रांजणाला ओलं फडकं, वर झाकण आणि वगराळं. सायकलच्या निमुळत्या तोंडाच्या बाटलीत वगराळ्याने पाणी ओतायला गेलं की निम्मं खाली सांडतं, आणि पाणपोईवर पाणी सांडणं कोणालाच बरं वाटत नाही. म्हणून बाटलीचं झाकण उघडल्यावर तोंड रुंद हवं. सायकलसाठी बनवलेल्या चांगल्या बाटल्यांचं तोंड साधारण तसंच असतं. घरच्या स्टीलच्या बाटल्यांचं मात्र तपासून घ्यावं.

बाटलीच्या मापाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, ती ओआरएसची. औषधाच्या दुकानात मिळणारं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट ७५० मिलिलिटरच्या बाटलीत रिकामं केलं की द्रावण ठरल्यापेक्षा घट्ट होतं, आणि त्याने तहान भागण्याऐवजी पोट बिघडू शकतं. ६०० मिलिलिटरच्या बाटलीत लहान तीन पाकिटं बरोबर बसतात. लिटरची बाटली धरणारा केज असेल तर मोठ्या पाकिटाचा प्रश्नच मिटतो. दोन केज असावेत यामागचं माझं दुसरं कारणही हेच. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी. साधं पाणी डोक्यावर, मानेवर ओतता येतं. ओआरएस अंगावर ओतलं तर अंग चिकट होतं आणि माश्या येतात.

आता मापाकडे. जगभर सायकलच्या बाटलीचा व्यास साधारण ७३-७४ मिलिमीटर धरतात आणि बहुतेक केज त्याच मापाचे बनतात. घरातली कोणती बाटली केजमध्ये बसेल हे पाहायला शिंप्याची टेप पुरते. घेर २३ सेंटिमीटरच्या आसपास भरला तर बाटली बसेल. २१ भरला तर ती आत खुळखुळेल आणि पहिल्याच गतिरोधकावर बाहेर येईल. २५ भरला तर आत जाणारच नाही. बसस्टँडवर मिळणारी एक लिटरची पाण्याची बाटली बहुतेक केजला जाड पडते, आणि अर्ध्या लिटरची बारीक. रस्त्यात विकत घेतलेली बाटली आपल्या केजमध्ये राहील या भरवशावर निघालेल्यांना म्हणूनच ती एका हातात धरून सायकल चालवावी लागते. तसं घाटात करू नये.

सायकलच्या खास बाटलीला वरच्या भागात एक आडवी खाच असते. केजचं नाक त्या खाचेत अडकतं आणि बाटली वर उसळत नाही. स्टीलच्या घरगुती बाटलीला ती खाच नसते. गुळगुळीत धातूवर केजची पकड फक्त घासण्याच्या जोरावर टिकते, आणि चिखलदऱ्याच्या उतारावर तो जोर पुरत नाही. याला वऱ्हाडात कोणालाही सुचेल असा उपाय आहे. पंक्चर होऊन निकामी झालेल्या ट्यूबचं दोन बोटं रुंदीचं कडं कापायचं आणि बाटलीवर चढवायचं. रबराने घेर थोडा वाढतो, पकड येते, खडखडाटही थांबतो. शिवाय केजच्या वरून बाटलीच्या मानेपर्यंत ट्यूबचीच एक पट्टी ओढून लावली तर बाटली कुठेही जात नाही. चालत्या सायकलवर ती काढताना मात्र दोन हात लागतात, म्हणून अशी बांधलेली बाटली राखीव पाण्याची ठेवावी, पिण्याची नव्हे.

साहित्याचा विचार इथे सविस्तर करावा लागेल, कारण खरा फरक तिथेच आहे. प्लास्टिकचे केज सगळ्यात स्वस्त. त्यातही दोन जाती आहेत. साध्या प्लास्टिकचा केज नवा असताना छान धरतो, पण सायकल वर्षभर अंगणात उन्हात उभी राहिली की रंग उडतो, लवचीकपणा जातो आणि एके दिवशी बाटली खुपसताना त्याचा हात कट्टकन तुटतो. फायबरग्लास मिसळलेल्या प्लास्टिकचे केज पुष्कळ बरे. इटलीची एलिट कंपनी असे बनवते आणि शर्यतीतले मोठे संघही तिचे केज वापरतात. ते बाटलीला ओरखडे पाडत नाहीत, वाजत नाहीत आणि हलकेही असतात. सायकल सावलीत ठेवायची सोय असेल आणि डांबरी रस्त्याबाहेर जायचं नसेल तर असा केज डोळे झाकून घ्यावा. मात्र त्याचं माप पक्कं असतं. वाकवून थोडं सैल किंवा घट्ट करता येत नाही, म्हणून त्याच्याबरोबर सायकलचीच बाटली लागते.

आपल्याकडे सर्वाधिक विकला जातो तो ॲल्युमिनियमच्या सळीचा केज. तो दिसायला देखणा, हलका आणि हाताने वाकवून घट्ट करता येणारा. पण या वाकवण्यातच त्याचं मरण आहे. ॲल्युमिनियम दर धक्क्याला थोडं थोडं थकत जातं, आणि लोखंडासारखी सहनशक्तीची खालची मर्यादा त्याला नाही. लहान धक्केही साठत राहतात. खडीच्या, उखडलेल्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या सायकलवर असा केज बहुतेक वेळा खालच्या वळणाशी किंवा जोडावर तुटतो. तुटल्यावर दुरुस्तीही नाही. गॅस वेल्डिंगवाल्याकडे नेला तर तो हातात घेऊन परत देतो, “ॲल्युमिनियमले डाग नाही बसत, भाऊ.” त्याला आर्गॉनचं वेल्डिंग लागतं, आणि दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी तसं करून घ्यायला कोणी शहर गाठत नाही. आणखी एक त्रास म्हणजे रंग घासला गेला की उघडं ॲल्युमिनियम बाटलीवर काळपट करडे पट्टे उमटवतं. ते धुतले तरी हाताला लागत राहतात आणि बोटांवरून कपड्यांवर जातात. रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

माझी निवड स्टेनलेस स्टीलच्या तारेची किंवा पोकळ नळीची. वजन थोडं जास्त, ॲल्युमिनियमपेक्षा काही ग्रॅम. भरलेल्या मोठ्या बाटलीचं वजन पाऊण किलोच्या वर असताना केजच्या वीस-तीस ग्रॅमचा हिशेब करणं निरर्थक आहे. स्टील वाकतं, पुन्हा सरळ होतं, आणि बाटली थोडी जाड-बारीक असली तर हाताने तिच्या मापाचं करून घेता येतं. तुटलंच तर गावातला कारागीर टाका मारून देतो. अमेरिकेत कोलोराडोतल्या ड्युरँगो गावी किंग केज नावाची छोटी कार्यशाळा स्टील आणि टायटॅनियमच्या नळीचे केज बनवते, आणि लांब पल्ल्याचे सायकलस्वार वर्षानुवर्षं तेच वापरतात. ते मागवायलाच हवेत असं नाही. भारतात मिळणारा साधा स्टीलचा केज घेताना तार चुंबकाला लावून पाहण्यापेक्षा जोड बघावेत. टाके भरीव आणि गुळगुळीत हवेत, तारेची टोकं आत वळलेली हवीत. उघडं टोक बाटलीत घुसतं, आणि पडल्यावर पोटरीतही.

कार्बनच्या केजबद्दल थोडक्यात. तो वीस-तीस ग्रॅमचा असतो आणि शर्यतीसाठी योग्य असतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण करून आले. तशा शर्यतीत मागे गाडी असते आणि बाटल्या हातात मिळतात, त्यामुळे तिथला विचार वेगळा. ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, करणाऱ्यांना २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, आणि सगळं सामान, सगळं पाणी स्वतःचं स्वतः वाहायचं असतं. त्यांनी शर्यतीच्या सायकलींचे फोटो पाहून केज निवडू नये. चुंबकाने चिकटणाऱ्या, केजच नसलेल्या बाटल्याही निघाल्या आहेत. जर्मनीच्या फिडलॉकची तशी रचना प्रसिद्ध आहे. ती छान चालते, पण बाटली हरवली तर तीच बाटली पुन्हा मागवावी लागते. परतवाड्यात राहून ज्याची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही अशी वस्तू पाण्यासाठी वापरू नये.

लिटरची बाटली धरायची तर माप बदलता येणारे केज आहेत. तैवानच्या टोपीक कंपनीचा मॉड्युला एक्सएल मोठ्या बाटल्यांसाठीच बनवलेला आहे. लिटर-दीड लिटरची विकतची बाटली त्यात बसते. तिसरी जागा म्हणून मला तो फार उपयोगाचा वाटतो, पण त्याला फ्रेममध्ये मोकळी जागा लागते. लहान मापाच्या सायकलीत तो वरच्या डांड्याला भिडतो.

पाणी किती, याइतकाच पाणी कसं, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी साध्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी अर्ध्या तासात कोमट होतं, तासाभरात तोंडात धरवत नाही. कोमट पाणी माणूस कमी पितो, मग पाणी असूनही अंग सुकतं. दुहेरी भिंतीच्या सायकलच्या बाटल्या मिळतात. त्या महाग असतात आणि बाहेरचं माप तेच ठेवायचं असल्याने आत पाणी कमी मावतं. स्टीलचा थर्मास गार ठेवतो, पण जड असतो, खडबडीत रस्त्यावर केजमध्ये वाजतो, आणि त्याचं झाकण चालत्या सायकलवर एका हाताने उघडत नाही.

आपल्या प्रदेशात याचं उत्तर फार जुनं आहे. जाड कापडाची छागल ट्रकच्या, जीपच्या पुढे लटकलेली असायची. बैलगाडीला असायची, सायकलच्या हँडलला असायची. कापडातून पाणी पाझरायचं, वाऱ्याने उडून जायचं आणि आतलं गार व्हायचं. वऱ्हाडातला उन्हाळा कोरडा असतो, म्हणून इथे हे तत्त्व कोकणापेक्षा कितीतरी जास्त काम देतं. कूलर इथे चालतो तोही याच कारणाने. तेच बाटलीला लागू करता येतं. सुती कापडाची पिशवी किंवा जुना सुती मोजा बाटलीवर चढवायचा, भिजवायचा आणि दर अर्ध्या तासाने वरून थोडं पाणी सोडायचं. बाटली धातूची असेल तर परिणाम लवकर जाणवतो.

इथे केजच्या आकाराचा संबंध येतो, आणि हे कोणत्याही जाहिरातीत सांगितलेलं नसतं. चारही बाजूंनी बंद, रुंद पट्ट्यांचा प्लास्टिकचा केज ओल्या कापडाला वारा लागू देत नाही. तारेचा केज जवळजवळ सगळी बाटली उघडी ठेवतो. ओलं कापड चढल्यावर घेर वाढतो, म्हणून केज थोडा रुंद करून घ्यावा लागतो, आणि तेही तारेच्या केजलाच जमतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की या उपायाचा उपयोग नाही, तेव्हा कापड काढून ठेवावं.

केज बसवायची सोय सायकलमध्येच असावी लागते. गिअरच्या बहुतेक सायकलींना खालच्या तिरप्या नळीवर आणि सीटच्या उभ्या नळीवर प्रत्येकी दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांच्यात ६४ मिलिमीटर अंतर असतं, बोल्ट पाच मिलिमीटरचे आणि चार मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरणारे. हे माप जवळपास सगळीकडे एकच आहे, त्यामुळे कोणत्याही कंपनीचा केज कोणत्याही सायकलला लागतो. बोल्ट फार आवळू नयेत. ॲलन की दोन बोटांत धरून जेवढी फिरते तेवढं बस. जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या फ्रेममधली आट्याची बाही आतल्या आत गरगर फिरू लागते, आणि मग तो बोल्ट ना निघत ना बसत. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावलं की घामाने आणि पावसाने ते जाम होत नाहीत. केज लावायचा नसेल तरी भोकातले बोल्ट काढून टाकू नयेत. त्या भोकांतून पावसाचं पाणी फ्रेममध्ये शिरतं आणि स्टीलची फ्रेम आतून गंजते.

काळ्या डांडीच्या जुन्या सायकलींना ही भोकं नसतात. त्यांच्यासाठी नळीवर आवळायचे क्लॅम्प मिळतात. ते मिळाले नाहीत तर पाइपला लावायची स्टीलची होज क्लिप प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात आहे. नळीवर आधी ट्यूबचं रबर गुंडाळायचं, त्यावर केज ठेवायचा, वर आणि खाली एकेक क्लिप आवळायची आणि क्लिपचं उरलेलं टोक कापून घासून टाकायचं. ब्रेकची दांडी किंवा तार क्लिपखाली दबत नाही ना, हे पाहायचं. केजसाठी फ्रेमला ड्रिलने भोक मात्र कधीही पाडू नये. नळी तिथून कमकुवत होते आणि एखाद्या खड्ड्यात तिथूनच दुमडते.

जागा कोणती निवडावी? तिरपी नळी सर्वांत चांगली, कारण बाटली खाली आणि मधोमध राहते आणि हात सहज पोचतो. दुसरी जागा सीटच्या नळीवर. लहान फ्रेममध्ये दोन्ही बाटल्या एकमेकींना अडतात, तेव्हा बाजूने बाटली काढता येणारा केज घ्यावा. उजव्या हाताने काढायचा आणि डाव्या हाताने काढायचा असे दोन प्रकार असतात, विकत घेण्यापूर्वी स्वतःचा हात कोणता ते पाहून घ्यावं. तिरप्या नळीच्या खालच्या बाजूलाही काही सायकलींना भोकं असतात. तिथे पिण्याची बाटली लावू नये. पावसाळ्यात आपली काळी माती आणि रस्त्यावरचं शेण पुढच्या चाकावरून थेट तिच्या तोंडावर उडतं. ती जागा पंक्चरच्या सामानाच्या डब्याला ठीक.

हँडलवर बाटली लावायची पद्धत जुनी आहे. युरोपातले शर्यतवाले विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हँडलवर दोन-दोन बाटल्या लावत. पुढे त्या फ्रेमवर गेल्या, कारण पुढचं वजन वळणावर हँडल ओढतं. घाटात उतरताना हे चांगलंच जाणवतं. पाठीवरची पाण्याची पिशवी हा आणखी एक पर्याय आहे. दोन लिटर पाणी एका नळीने तोंडाशी येतं, हात हँडलवरून हलवावा लागत नाही. पण आपल्या उन्हाळ्यात पाठ झाकली गेली की घाम वाळत नाही, खांदेही भरून येतात. मेळघाटाच्या रस्त्यावर तिसऱ्या जागेची अडचण असेल तर ती घ्यावी, एरवी वजन सायकलने वाहिलेलं बरं. पुढच्या चिमट्याला तीन बोल्टांचे मोठे केज लावण्याची सोय नव्या प्रवासी सायकलींमध्ये असते, ती असेल तर पिशवीची गरज उरत नाही.

केज विकत घेताना दुकानातच एक परीक्षा करावी. बाटली पाण्याने काठोकाठ भरून केजमध्ये ठेवावी, पुढचं चाक वीतभर उचलून जमिनीवर सोडावं, मग मागचं. बाटली दोन बोटं वर सरकली तरी तो केज त्या बाटलीसाठी नाही. रिकाम्या बाटलीवर केलेली परीक्षा फसवी असते. घाटाच्या उतारावर सुटलेली बाटली आपल्यापेक्षा मागून येणाऱ्याला जास्त धोकादायक असते. ती मागच्या सायकलच्या चाकाखाली गेली तर माणूस थेट रस्त्यावर येतो. समूहाने जाणाऱ्यांनी म्हणून निघण्यापूर्वी एकमेकांचे केज हाताने हलवून पाहावेत.

या सगळ्या चर्चेत एक सायकल नेहमी बाहेर राहते, आणि आपल्या भागातल्या रस्त्यांवर ती कितीतरी दिसते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल घ्यायला अनुदान मिळतं. चिखलदरा, धारणीसारख्या तालुक्यांतल्या मुलींसाठी ती सायकल म्हणजे शाळा चालू राहणं आहे. तिला कॅरिअर असतं, बहुतेकदा पुढे टोपली असते, पण बाटलीसाठी जागा नसते. बाटली टोपलीत टाकली की खड्ड्यात उडते, दप्तराच्या बाजूच्या खिशात ठेवली की दप्तर कॅरिअरवर आडवं होताच गळते. पाणी सांडतं, मुलगी तहानलेली शाळेत पोचते, आणि शाळेतला हातपंप उन्हाळ्यात आटलेला असू शकतो.

या सायकलीला सीटच्या नळीवर केज लावला तर चढता-उतरताना पाय अडतो, कारण पाय काढायची मोकळी जागा तिथेच आहे. हँडलच्या मध्यावर आवळायचा लहान केज आणि अर्ध्या लिटरची बाटली हे इथे बरोबर बसतं. वेग कमी, अंतर चार-पाच किलोमीटर, त्यामुळे पुढच्या वजनाचा त्रास होत नाही. केज मिळाला नाही तर टोपलीच्या कोपऱ्यात ट्यूबच्या रबराचे दोन फास, एक खाली आणि एक वर, घट्ट बांधून द्यावेत. बाटली त्यात उभी राहते. हे काम गावातला पंक्चरवाला पाच मिनिटांत करतो आणि बहुतेकदा त्याचे पैसेही घेत नाही. पण मुळात हे सायकल बनतानाच व्हायला हवं.  अनुदानाच्या अटींमध्ये हँडलपाशी बाटलीच्या स्टँडची एक ओळ घातली तर कारखान्यात प्रत्येक सायकलमागे होणारा खर्च अगदी किरकोळ असेल. शिक्षक, शाळा व्यवस्थापन समित्या आणि जिल्हा परिषदेचे सदस्य यांनी पुढच्या वाटपाआधी ही मागणी लेखी करावी, आणि ती करताना बाटलीचं मापही लिहावं. घेर २३ सेंटिमीटर, म्हणजे कोणत्याही दुकानातली सायकलची बाटली त्यात बसेल.